सुनेसाठी ठेवलेलं घंगाळ

मु. भेलाटोला, देवरीजवळ
ता. ५ एप्रिल १९५४

घनश्यामास जागेश्वरचा नमस्कार.

इकडे आम्ही सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी, वगैरे. वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते चुकून राहिलेलं नाही.

तुझं कार्ड पोचलं. मला पोचायच्या आधी गावाला पोचलं. अरे, असलं काही उघड्या कार्डावर लिहितात का? आपली डाक कवडूच्या किराणा दुकानात पडते, हे नागपूरला राहून विसरलास? मी कंदिलासाठी मातीचं तेल घ्यायला गेलो, तर कवडू मिठाच्या पोत्यावर बसून चार माणसांत वाचून राहिला होता : "आमच्या घरच्या लग्नाचं धान अडवून तुला काय मिळणार? इंजिन तू मुद्दाम बंद ठेवलंस, असं बाबांनी कळवलं आहे. लाज वाटू दे." वाचून झाल्यावर कार्ड माझ्या हातात ठेवून म्हणतो, "अक्षर झकास आहे गा घनश्यामचं!" मी कार्ड तिथंच फाडलं. कवडूची गचांडीही धरली असती, पण हातात तेलाची बाटली होती.

म्हणून हे लिफाफ्यातून लिहितो.

आता ऐक. इंजिन बंद आहे, हे खरं. मुद्दाम बंद आहे, हे साफ खोटं. ते इंजिन तुला माहीत नाही का? गोंदियाच्या बंद पडलेल्या गिरणीतून बाबांनी ते बैलगाडीवर आणलं तेव्हा आपण दोघं मराठी शाळेत होतो आणि गाडीमागं धावलो होतो. तेव्हाच ते म्हातारं होतं. आधी बत्तीनं त्याचं डोकं लाल होईस्तोवर तापवायचं, मग मोठं चाक मागं झुलवून झटका द्यायचा. लोक म्हणतात, भैयाजीचं इंजिन आणि भैयाजीचा पोरगा, दोघांचं डोकं आधी तापते. पण मी तापलो की निदान चालू तरी होतो. हे लेकाचं तापूनही ढिम्म.

होळीपासूनच ते कुरकुरत होतं. तुझ्या बाबांनी, उदारामकाकांनी, कार्याचं धान गिरणीत आणून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ते पुरतं बसलं. दुसऱ्याच दिवशी! काकांच्या जागी मी असतो तर मीही शक घेतला असता. पण यंत्राला काय कळतं, कोणाचं धान आणि कोणाचं लग्न? बाबांनी काकांना शब्द दिला आहे. गावात गिरणी असताना लग्नाचं धान गाडी जुंपून आमगावला गेलं, तर बाबांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे मला कळत नाही असं वाटतं का तुला?

गोंदियाहून चुन्नीलाल मिस्त्री आणला. देवरीपर्यंत बसनं, पुढं आमच्या छकड्यात. आल्याबरोबर कोंबडा खाल्ला, झोपला, उठल्यावर डॉक्टरसारखा इंजिनाला कान लावला. बंद इंजिनाला कान लावला! म्हणाला, "भैयाजी, ये इंजन नहीं, बूढ़ा बैल है. भंगार में दे दो, मैं नया दिलाता हूँ."

मी म्हटलं, "खोलके तो देखो."

"खोलने से क्या होगा, बाबू? आप तो कॉलेज में पढ़े हो. वो भी पूरा नहीं पढ़े."

माझ्या हातात पाना होता. फेकला. त्याला लागला नाही, पाण्याच्या पिंपाला लागला. पण मिस्त्री गेला तो गेला, आणि जाताना सांगून गेला की गोंदियाचा दुसरा कोणी मिस्त्रीही इकडं फिरकणार नाही. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना ताटाकडे पाहून एवढंच म्हणाले, "आता तूच कर."

म्हणून मीच करून राहिलो. डोकं उतरवलं. पिस्टनच्या कड्या काजळीनं जाम झाल्या होत्या, त्या मातीच्या तेलात भिजवून, बांबूच्या कामटीनं खरवडून सोडवल्या. आणि डोकं नि धड यांच्यामध्ये जी चकती असते, पाणी आत येऊ नये आणि दाब बाहेर जाऊ नये म्हणून, ती पार झिजून गेली होती. एवढाच रोग! बैल म्हातारा नव्हता, मिस्त्री आळशी होता.

चकती कापायला जाड पुठ्ठा पाहिजे. घरात तसा पुठ्ठा एकच, माझ्या इंटरच्या पुस्तकाचा. कापला, जवसाच्या तेलात भिजवला, बसवला. इंजिनानं पंधरा-वीस ठोके मारले, मग भस्सकन धूर, आणि पुठ्ठ्याचा कोळसा. जाऊ दे. पुस्तक असंही कामाचं राहिलं नव्हतं.

कार्डाच्या कोपऱ्यात तू बारीक अक्षरात विचारलंस, कॉलेज काऊन सोडलं. कवडूनं तेही वाचलं. दिवाळीला आलो, बाबांची तब्येत बरी नव्हती, गिरणीवर माणूस नव्हता, राहिलो. एवढंच. दुसरं काही कारण कोणी सांगत असेल तर तो कवडूचा भाऊ समज.

तुमच्या घरचं कार्य थाटात होवो. नवरदेव बी. ए. झालेला आहे म्हणे, तहसिलीत खुर्चीवर बसतो म्हणे. चांगलं आहे. मला काय त्याचं.

अजून तरी तुझा मित्र,
जागेश्वर

चकतीसाठी नागपूरला चौकशी करू नकोस. तुझ्याकडून काही नको.


भेलाटोला
ता. ९ एप्रिल

प्रिय घनश्याम,

आज 'प्रिय' लिहितो, कारण आज मी जिंकलो. परीक्षेच्या गडबडीत असशील, तरी हे वाच.

पुठ्ठा जळतो, लोखंडाचा पत्रा दबत नाही. तांबंच पाहिजे होतं. रुंद, सपाट तांबं आमच्या घरात एकाच ठिकाणी : आईच्या कोठीतल्या घंगाळाच्या बुडाला. ते आजीकडून तिच्याकडं आलं. घरात आलेल्या सुनेची पहिली आंघोळ त्यातल्या पाण्यानं, म्हणून ती ते कोणाला वापरू देत नाही; दर दिवाळीला चिंचेनं घासून पुन्हा उपडं घालून ठेवते. मागायची माझी हिंमत नव्हती. मी नुसता कोठीच्या दारात जाऊन उभा राहत होतो नि परत येत होतो. शेवटी तिनंच ते आणून माझ्यापुढं आपटलं.

"काप."

"आई, सुनेचा आहे ना हा?"

"कोणती सून?" ती म्हणाली, आणि गाईला पाणी दाखवायला निघून गेली.

बूड कापलं. छिन्नीनं गोल केलं, भोकं पाडली, बसवून बोल्ट आवळले. चाक फिरवलं तर चारी बाजूंनी सूंऽऽ! पुन्हा उतरवलं, घासलं, बसवलं. पुन्हा सूं. माझं टाळकं सरकलं. चकती उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात नेऊन चुलीत फेकली. आई भात शिजवून राहिली होती. ती ओरडली, "घंगाळ तं गेला, आता त्याचा तुकडाही जाळून टाकतं का, मेल्या?" चिमट्यानं ती लालभडक चकती ओढून तिनं बादलीत टाकली. छन्न! थंड झाल्यावर मी हातात घेतली तर काय, चामड्यासारखी मऊ! लोखंड तापवून पाण्यात घातलं की कडक होतं, तांब्याचं तसं नाही. कॉलेजात हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत असेन.

बसवली. आवळली. बत्ती लावली, डोकं लाल झालं, चाक झुलवून झटका दिला. ठक. मग काही नाही. मग ठक-ठक. आणि मग जे सुरू झालं, की गोठ्यातली वासरं दावी तोडायला लागली. कवडू दुकान उघडं टाकून धावत आला, "जागेश्वर, इंजिन बोलून राहिला गा!"

मी म्हटलं, "आता घनश्यामले कार्ड टाक. उघडं."

उदारामकाका आले. भरडलेला तांदूळ तळहातावर पसरून पाहिला. कणी कमी, दाणा अख्खा. "पंगतीले शोभते," म्हणाले. आणि मग सगळ्यांसमोर, "पोरा, तुह्यावर उगाच शक घेतला." बाबांनी मान वर केली. किती दिवसांनी मी त्यांचे डोळे पाहिले! अर्ध्याहून जास्त पोती आज झाली. बाकी उद्या.

असा मी जिंकलो. तू माफी माग किंवा नको मागू, मला फरक पडत नाही.

काकू कोंडा न्यायला आल्या होत्या. सोबत ती होती.

बाकी काही नाही. हात काळे आहेत, कागद खराब होऊन राहिला.

तुझा,
जागेश्वर


ता. १० एप्रिल

घनश्याम,

कालचं पत्र कवडूकडे टाकलं आणि तेव्हापासून वाटून राहिलं की खोटं पत्र टाकलं. त्यातली ओळ न् ओळ खरी होती. तरी पत्र खोटं होतं.

रुख्मा. तुझ्या बहिणीचं नाव मी दोन पत्रांत एकदाही लिहिलं नाही. तुझ्या ध्यानात आलं असेल, तू काही बैल नाहीस. बैल मी.

काल काकू कोंड्यानं टोपली भरत होत्या. रुख्मा पट्ट्यापासून दूर, दाराशी उभी होती. इंजिनाच्या त्या आवाजात काकूंना काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. ती दोन पावलं जवळ आली आणि म्हणाली, "काऊन दुरुस्त केला?"

मला वाटलं, कौतुक करून राहिली. मी छाती फुगवून सांगितलं, "लोकं म्हणत होते ना, मी मुद्दाम बंद ठेवला."

"मलेही तसंच वाटलं होतं."

"तुलेही?" मी चिडलो. खरंच चिडलो रे.

"हो," ती म्हणाली. "मले बरं वाटलं होतं."

आणि टोपली डोक्यावर घेऊन आईच्या मागं निघून गेली. वरच्या पेटीतलं धान संपलं, यंत्र कोरडं किंचाळायला लागलं, बाबा हातवारे करून ओरडत होते, आणि मी तिथं खांबासारखा.

साऱ्या गावाला दाखवायला निघालो होतो की मी तसा नाही. कवडूला दाखवलं, काकांना दाखवलं, तुला लिफाफा भरून लिहिलं. आणि जिला मी तसा असायला पाहिजे होतो, तिला विचारायचं मला सुचलं नाही.

बाबांची तब्येत दिवाळीत ठणठणीत होती. होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना तू सहज म्हणालास, रुख्माला पाहायला पाहुणे येणार आहेत. मी त्याच दिवशी पेटी बांधली. कॉलेज सोडून एवढा धावत आलो, आणि येऊन काय केलं? इंजिनाखाली शिरलो. पाहुणे आले, गेले, सुपारी फुटली, आणि मी पाना घेऊन पडलेलो. तिथं बोलावं लागत नाही ना.

आज सकाळी काका उरलेल्या पोत्यांसाठी आले. बाबा होते, कवडूही होता. तो कुठं नसतो? काका खुशीत होते. म्हणाले, "तापव रे डोकं!"

मी म्हटलं, "काका, इंजिन चांगला आहे. त्यात काहीच बिघाड नाही. मीच भरडत नाही."

"काऊन?"

"रुख्माले मी मागून राहिलो. दुसऱ्याच्या पंगतीचं धान माह्या हातानं होणार नाही."

  काकांनी बैलाची काठी उचलली. बाबा मध्ये आले. मला वाटलं, आता बाबाच हाणतात. ते काकांना म्हणाले, "उदाराम, माहा शब्द धानाचा होता. उरलेला मी आमगावहून भरडून आणून देतो. पण पोरगा आज तोंडानं बोलला, तं ऐकून घे."

काका म्हणाले, "काय ऐकू? कॉलेज अर्धं सोडलं, धान अर्धं सोडलं. अर्ध्यावर सोडणाऱ्याले पोरगी देऊ?"

  रात्रंदिवस भांडणारा मी, खाली पाहत उभा राहिलो. काकांनी बाबांची गाडी नाकारली, उरलेली पोती न भरडताच आपल्या गाडीत घातली. जाताना एवढं म्हणाले, "घनश्यामची परीक्षा होऊ दे. तो आल्यावर पाहू."

म्हणजे आता तुझ्यावर आलं आहे.

रुख्मा काय बोलली ते मी इथं कोणालाच सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. गावाला इतकंच माहीत आहे की मी मागितलं. तेव्हा तू आलास की आधी तिला विचार, एकटीला. काकांशी नंतर बोल. ठरलेली सोयरीक मोडणं काय असतं, ते मला कळतं. ती नाही म्हणाली तर इंजिन तयार आहे. उरलेली पोती मीच भरडीन, पंगतीत वाढीनही, आणि पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही. हे रागात लिहीत नाही. मला रागात लिहिलेलं ओळखता येतं, तुलाही येतं.

आईनं आज घंगाळ कोठीतून पुन्हा बाहेर काढलं. बूड नाही, नुसता घेर. चिंचेनं घासून अंगणात उन्हात ठेवला आहे. त्यात आता पाणी राहत नाही. 

तुमच्या घरी ढेकी आहे. कार्य ठरल्याप्रमाणेच करायचं आणि उरलेलं धान पायानं कांडायचं म्हटलं, तर काकूंना आजच लागायला पाहिजे. तुमच्या ढेकीचा ठोका आमच्या गिरणीपर्यंत येतो. इंजिन बंद असलं की स्पष्ट येतो. इंजिन बंद आहे. जेवण झाल्यापासून मी दारात बसून हे लिहून राहिलो, आणि कान तिकडंच आहे.

अजून ठोका आला नाही.

शेवटचा पेपर देऊन मिळेल त्या गाडीनं ये.

सहीवर कोणतं नातं लिहू ते कळत नाही. जागा सोडून ठेवतो, तू येऊन भर.

                    
जागेश्वर