सातवे मांजर आणि पाच तारे

तीर्थस्वरूप काकांना नम्र नमस्कार.

आपल्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला आपण होऊन पत्र लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. (समोर येऊन बोलले असते, पण आपल्यासमोर माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचत नाही, हे आपण जाणताच.) आपला गुडघा आता कसा आहे? इकडे आत्या आणि मी ठीक आहोत. निदान आज सकाळच्या तपासणीपर्यंत होतो.

आत्याचे मांजरांचे वसतिगृह आपल्याला ठाऊकच आहे. परगावी जाणारे लोक आपली मांजरे तिच्याकडे ठेवून जातात. परवाना सहा मांजरांचा. शिवाय दरवर्षी तपासनीस येतात, प्राण्यांची काळजी कशी घेतली जाते ते पाहतात आणि एक ते पाच तारे देतात. ते दारावर लावावे लागतात. गेल्या वर्षी आम्हाला दोनच मिळाले. दोन तारे पाहून गिऱ्हाईक पायरीवरूनच मागे फिरते, म्हणून यंदाही तेवढेच मिळाले तर वसतिगृह बंद करायचे, असे आत्याने ठरवून टाकले. मग नियमपुस्तिका माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, "कायम पहिली येतेस ना? आता मांजरांना पास कर."

काका, इतके वेधक पुस्तक मी बऱ्याच दिवसांत वाचले नव्हते. प्रत्येक मांजराला उंच बसायला फळी हवी, लपायला जागा हवी, आणि ते लपले असताना कोणी त्याला ओढून बाहेर काढू नये. (हा नियम वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. पाहुणे आले की मला आतल्या खोलीतून बाहेर आणून गुण सांगायला लावतात.) मांजराचे समाधान असे मोजता येत असेल, तर माणसांच्या घरांना तारे का देत नसावेत? आत्याला विचारले, तर म्हणाली, "विदुषी, आधी खोकी काप."

मी कापली. आत घोंगडी, पुढे पडदा. (हौसेने एक जादाही केले, ते व्हरांड्यात ठेवले.) हे काम इतके मन लावून झाले की तपासनीसबाई आल्या तेव्हा एकही मांजर दिसेना.

"मांजरं कुठायत?" बाईंनी चष्मा पुसत विचारले.

"आहेत ना, काढते एकेक," आत्या म्हणाली.

तेव्हा मी आयुष्यात प्रथमच परक्या माणसासमोर न विचारता बोलले. नियम सांगितला, पृष्ठक्रमांकासह. आत्याने असे पाहिले की एखाद्या खोक्यात शिरावेसे वाटले. बाई मात्र "बरोबर आहे हिचं" म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी एका पडद्यातून मिशा आल्या, मग दुसऱ्यातून, आणि बाई कौतुकाने मोजू लागल्या. सात भरली.

सातवे कोणाचे, हे आम्हालाही माहीत नव्हते. काळी मांजरी, एक कान दुमडलेला, जादाच्या खोक्यात रीतसर बिऱ्हाड मांडलेली. "आमची व्यवस्था बघूनच आली बिचारी," असे आत्याने सुचवून पाहिले. बाई म्हणाल्या, काळजी पाच ताऱ्यांचीच आहे, पण परवान्याहून एक प्राणी जास्त. उद्या सकाळी पुन्हा येईन. सहा असतील तर पाच तारे, सात असतील तर एकही नाही. आणि तिला रस्त्यावर सोडायचे नाही, चांगल्या घरी द्यायचे.

बाकी क्षेम. काही मागण्यासाठी हे लिहिलेले नाही. केवळ आपली खुशाली विचारावी, एवढाच हेतू.

आपली आज्ञाधारक पुतणी

ता. क. : दुपारी वेळ होता, म्हणून आपल्या घराची मी मनातल्या मनात तपासणी केली. उंच कपाट, पलंगाखाली भरपूर काळोख, शांतता, आणि न विचारता कोणाला कुरवाळण्याची आपल्याला मुळीच सवय नाही. पाच तारे. याहून योग्य घर मला सुचत नाही.

ता. क. २ : आत्या हे पत्र टोपलीसह आपल्या दारात ठेवील, बेल वाजवील आणि निघून येईल. (तीही आपल्याला घाबरते.) टोपली उघडून बाजूला व्हावे, आत हात घालू नये. परत पाठवण्याचा विचार असेल, तर तिला नाव देऊ नये; एकदा नाव दिले की परत करणे जमत नाही, असा आत्याचा अनुभव आहे. नाव देणे आम्ही आपल्यासाठी राखून ठेवले आहे.

टोपलीसह रवाना : ११ जुलै २०२४, सायंकाळी ६ वाजून २० मिनिटे.