कारखान्याला चुण्या

३ फेब्रुवारी

भाचा म्हणाला, "मावशी, तूच कर."

मी! जुने कपडे उसवून उसवून शिवण शिकलेली बाई कारखान्याचं तोंड बेतणार! पडत्या फळाची आज्ञा – लगेच हो म्हणून टाकलं. त्याचं मन बदलायच्या आत.

झालं असं. त्याच्या लोखंडी कपाटांच्या कारखान्याला नवी शेड जोडली आहे. तिची रस्त्याकडची भिंत म्हणजे रुसून बसलेली पाहुणी. तिच्यावर पत्रा चढवायचा हे ठरलंय, पण कसा ते ठरत नव्हतं. काल तो ह्यांना बघायला आला आणि मी शिवत होते त्या पडद्याच्या चुण्यांवर बोट फिरवत बसला. मग एकदम उभाच राहिला. पत्र्याला अशा चुण्या पडतील का, असं ह्यांना विचारलं. हे जन्मभर त्याच कारखान्यात पत्रा वाकवायच्या प्रेसवर होते. पडल्या पडल्या म्हणाले, "पत्र्याला काय, सांगाल तिकडे वळतो. माणसांचंच अवघड."

६ फेब्रुवारी

घरभर पुठ्ठा. चहा पुठ्ठ्यावर, चष्मा पुठ्ठ्याखाली.

पण सुचलं! चुणीची एक बाजू रुंद, दुसरी अरुंद. रुंद बाजूला नारिंगी रंग, अरुंद बाजूला त्यांचा नेहमीचा कपाटाचा राखाडी. मोठ्या रस्त्याच्या वळणावरून येणाऱ्याला आख्खी भिंत नारिंगी दिसेल. भिंतीवरून पुढे जाल तसतसा रंग मिटत जाईल, पंखा मिटावा तसा. आणि खाली सगळीकडे घेर, बाहेर वळवलेला, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीपासून लांब पडेल.

भिंत आणि कपडा यांत फरक एवढाच, की भिंत घालून बघायला येत नाही.

९ फेब्रुवारी

भाच्याचा भागीदार भेटला. "काय, कारखान्याला झगा शिवताय म्हणे?" मी म्हटलं, मापं तुमचीही घेऊ का? हसला, पण तोंडाने. त्याला सपाट पत्रा हवा आहे. मार्चात मोठे गिऱ्हाईक बघायला येणार, तोवर हे जमलं नाही तर चुण्या उतरवायच्या आणि सपाट पत्रा चढवायचा, असं भाच्याकडून कबूल करून घेतलंय. आता जमायलाच हवं!

१२ फेब्रुवारी

आज जेवताना एक गोष्ट लक्षात आली.

आमचं घर त्याच रस्त्यावर, पण भिंतीच्या पलीकडच्या अंगाला. ह्यांची खाट खिडकीशी. कंबर गेल्यापासून ह्यांचं जग म्हणजे ती खिडकी, आणि खिडकीत आता ती शेड. या बाजूने चुण्यांची फक्त अरुंद बाजू दिसणार. राखाडी. वळणावरच्या परक्या माणसाला नारिंगी, आणि ह्यांना राखाडी!

हळूच सांगितलं. म्हणाले, "जन्मभर राखाडी कपाटंच वाकवली. ओळखीचा रंग आहे, चालेल."

विनोदच केला. पण मला मेलीला हसू येईना. भाच्याला सांगून उलटवावं का? पण गिऱ्हाईक वळणावरूनच येणार. कारखाना त्याचा, खिडकी माझी. आहे तशाच चुण्या आखत राहिले.

१६ फेब्रुवारी

चुण्यांच्या आकृतीचा कागद पुरा झाला. प्रेसवर हल्ली ह्यांच्याच हाताखाली शिकलेला मिस्त्री असतो, तरी आधी ह्यांना दाखवला. ह्यांनी तो खिडकीच्या उजेडाला धरला. मग उलटा करून धरला. बराच वेळ. मिशीतल्या मिशीत हसले. "फक्कड आहे. दे मिस्त्रीला, एक रेघ बदलू नकोस."

ह्यांच्याकडून फक्कड! लग्नानंतर दुसऱ्यांदा.

२० फेब्रुवारी

पहिला पत्रा वाकला! जमिनीवर ठेवला होता. काय ती कड, सुरीसारखी! मी तिच्यावरून नख फिरवलं, घडी बसवायला – सवय.

७ मार्च

परांचीवरची जाळी आज उतरली. मी भाच्याबरोबर वळणावर उभी. जाळी खाली आली आणि भिंत –

राखाडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी.

मिस्त्रीने कागद आणला आणि मला उमजलं. आम्ही शिवणारे कापडावर खुणा करतो त्या उलट्या बाजूने, खडू वर दिसू नये म्हणून. माझा हात तसाच चालला. मी चुण्या आतून पाहिल्यासारख्या काढल्या, मिस्त्रीने त्या बाहेरून वाचल्या. प्रत्येक चुणी उलट्या दिशेला! पत्रे डोकं खाली करून लावू, असं मिस्त्री म्हणाला, पण मग घेराची पन्हळ होऊन पाणी साठेल.

भागीदार म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." भाचा माझ्याकडे बघेना. ते जास्त लागलं.

घरी आले तर हे उशीला टेकून खिडकीत. खोलीभर नारिंगी उजेड, ह्यांच्या पांढऱ्या दाढीवरसुद्धा.

"ये, बैस," म्हणाले. "बघ तरी काय शिवलंयस."

बसले. रडले थोडी. मग बघतच राहिले.

८ मार्च

सकाळीच कारखाना गाठला. भाच्याला म्हटलं, चांगल्या कोटाचं अस्तर कधी कोटाच्या रंगाचं असतं का? राखाडी बाजूला पिवळा लावू! हळदीसारखा नको, लिंबासारखा. वळणावरून पिवळा, आमच्याकडून नारिंगी, आणि मधून चालणाऱ्याला दोन्ही, पावलागणिक बदलते.

त्याने डोकं खाजवलं. मग रंगखात्याला हाक मारली. जाताना म्हणाला, "मावशी, हे आधीच सुचलं असतं तर?"

आधी चूक कुठे झाली होती!

१९ मार्च

गिऱ्हाईक आले. वळणावर गाडी थांबवून खाली उतरले आणि भिंतीवरून चालत आले. परत मागे गेले, परत आले – मुलं जिन्यावर करतात तसे! भागीदार त्यांना सांगत होता, "आमची कल्पना अशी होती की..."

आमची! असो. झगा अंगाला बसला की शिंपी कोण विचारतो? चुण्या राहिल्या!

२० मार्च

सकाळी ह्यांची उशी सारखी करताना सहज म्हटलं, मिस्त्री बिचारा कागदाबरहुकूम गेला. पण तुम्ही? उजेडाला धरून, उलटसुलट करून पाहिलात, आणि तुमच्या नजरेतूनही सुटलं?

हे खिडकीबाहेरच बघत होते.

"सुटलं कुठे?" म्हणाले.