नंबर नसलेल्या रिव्हॉल्वरची व्यवस्था

मी हौशीराम भिका कानडे, वय चौसष्ट, धंदा शेती, राहणार कळंब, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. येत्या सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही, म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो.

१. राहते घर, त्यातील भांडीकुंडी व पतपेढीतील ठेव माझी पत्नी प्रयागबाई हिला द्यावी. तिच्या हयातीत घर विकू नये. भिंतींना कोणता रंग द्यायचा हेसुद्धा तिलाच विचारावे.

२. माळाचे दोन एकर, मोटार व फवारणीचा पंप मुलगा आदेश यास. तो चाकणला कंपनीत आहे, खुरपे कसे धरतात ते विसरला असेल. तरी रान त्याचेच. विकायचेच असेल तर आधी एक वर्ष स्वतः कसून पाहावे, मग काय ते ठरवावे.

३. विहिरीचे रान माझे नाही, धाकटा भाऊ बाळासाहेब याचे आहे. आमचे आजोबा जुन्नरच्या डोंगरात एका इंग्रज अंमलदाराला शिकारीच्या वाटा दाखवत. मायदेशी जाताना त्याने त्यांना आपले रिव्हॉल्वर दिले. १९७१ साली वाटणी झाली तेव्हा बाळासाहेब म्हणाला, "दादा, हत्यार तू घे, हिरीचं रान मला ऱ्हाऊ दे. हत्याराची किंमत लई हाय." मी थोरला, मिशीला पीळ देणारा. मी हत्यार घेतले. बत्तीस वर्षे त्याच्या उसाला पाणी जाताना बघतो आहे. मला राग आहे, आणि तो मी कोणाच्याही नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

४. आता रिव्हॉल्वर. हे कलम प्रयागबाईसमोर मोठ्याने वाचू नये. तिला वाचता येत नाही, त्यामुळे एवढे पाळले तरी पुरे.

परवाना माझ्या नावावर आहे व माझ्यामागे तो संपेल. मग हत्यार ठाण्यात जमा करावे लागेल. परवान्यात नंबर लिहिलेला आहे, हत्यारावर तो नाही. हे मला दोन वर्षांपूर्वी कळले. छातीत पहिल्यांदा दुखले तेव्हा किंमत काढून ठेवावी म्हणून ते पुण्यात बंदुकांच्या एका जुन्या दुकानदाराकडे नेले. त्यांनी घड्याळजीसारखे डोळ्याला भिंग लावले आणि बोटाने जागा दाखवल्या.

"इथं कारखान्याचं नाव असतं, इथं साल, इथं नंबर. वरून निळसर काळा रंग असतो, शौकीन लोक त्याचीच किंमत देतात. हे असं पांढरं कशानं झालं?"

"दर खंडेनवमीला पूजेच्या आधी चिंच आन् राख लावून घासत्यात," मी सांगितले.

"किती वर्षं?"

"पस्तीस."

त्यांनी भिंग काढून ठेवले. "तुमच्या घरात कोणीतरी फार स्वच्छ आहे," असे ते म्हणाले. वस्तू विलायती आहे, पण कोणाची, कधीची, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. त्यामुळे किंमत नाही. शिवाय नंबर मुद्दाम घालवला असा संशय येईल, असेही त्यांनी बजावले.

घरी आल्यावर प्रयागने विचारले, "काय म्हनला त्यो?" तिचे तोंड बघून मला खरे सांगवले नाही. मी म्हणालो, "लई किंमत हाय." तेव्हापासून ती ते दिवाळीलाही घासते.

ठाण्यात स्वतः जाऊन सगळे सांगावे म्हणून मी मंचरपर्यंत दोनदा गेलो, आणि चहा पिऊन दोनदा परत आलो. आदेशच्या पासपोर्टची पोलीस चौकशी चालू आहे, त्याने यात पडू नये. बाळासाहेबाला विचारले तर म्हणाला, "दादा, पोलिसाच्या भानगडीत मला नगं घालू." म्हणजे मी गेल्यावर ठाण्याची पायरी तिलाच चढावी लागणार. नंबर कोणी घालवला असे कोणी विचारले तर ती अभिमानाने सांगेल, "म्याच घासते की दर साली." पुढे काय होईल ते मला माहीत नाही. या विचाराने मला झोप येत नाही, ऑपरेशनच्या भीतीने नाही.

म्हणून शपथेवर लिहितो. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला, वाटणीआधी घर एकत्र होते तेव्हाच, हत्यार तिच्या हाती मी दिले. "लख्ख कर, कोनाच्या घरात आलीस ते गावाला कळू दे," हे शब्द माझे. हात तिचे, हुकूम माझा. तिने कोणालाही फसवण्यासाठी काही केले नाही. साहेबांनी तिला दटावू नये, खुर्ची द्यावी, आणि दोष माझ्या नावावर लिहून घ्यावा.

५. येथवर लिहिले आणि प्रयाग दारात आली. उद्या खंडेनवमी. हात कोपरापर्यंत चिंचेच्या कोळाने भरलेले.

"अवं, झालं का लिवायचं? कपाटाची किल्ली द्या," ती म्हणाली. "औंदा तुमाला पुन्याला जायचंय. जरा जास्तच घासते, देवाच्या नजरंत भरंल."

मी किल्ली दिली.

सही: हौशीराम भिका कानडे

हे लिहिणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत सही केली, व आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत:
जानकू सखाराम भोर, निवृत्त पोस्टमन, कळंब
भागू रामभाऊ वर्पे, शेतकरी, महाळुंगे पडवळ

मुक्काम कळंब, शुक्रवार, ३ ऑक्टोबर २००३