सँटीच्या तराफ्यावरचं वजन

१८ सप्टेंबर १७८१

आज सकाळी सँटी नदीकाठच्या घरी पोहोचलो आणि कित्येक महिन्यांनी माझी बायको डॉर्कस मोकळेपणी हसली. खांबांवर उभं लहानसं घर, मागे मक्याचं शेत, दारात अंजीर, समोर संथ, तपकिरी नदी. दोन्ही काठांच्या झाडांना मनगटाएवढा जाड दोर बांधलाय. तो ओढत जायचं की तराफा पलीकडे. नावाड्याचं काम एवढंच. कॅप्टन रस्कनं ते मला दिलं. तीन वर्षं इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या त्याच्या तुकडीच्या घोड्यांना मी नाल ठोकले. एप्रिलमध्ये पायात गोळी बसली आणि उन्हाळा अंथरुणातच गेला.

आधीचा नावाडी ट्रेडअवे इंग्रजांबरोबर चार्ल्स टाउनला पळाला म्हणे. त्याचा गुलाम क्वॉश आता आमच्याकडे. पन्नाशीचा आहे, मोजकंच बोलतो.

डॉर्कसला सातवा महिना. जेवताना म्हणाली, बाळ येईल तोवर कॅरोलिनात इंग्रजांचा एकही शिपाई उरायचा नाही.

२६ सप्टेंबर

हातांना घट्टे पडले, पण काम आवडतंय. रिकामा तराफा पाण्यावर चांगला वीतभर तरंगतो. आठ माणसं आणि चार घोडे चढले की पाणी कडेच्या फळीला टेकतं. आज आपल्याच तुकडीतला एक टारगट मला म्हणाला, "अहो लंगडे सरदार, जरा जोर लावा! तुम्ही पलीकडे पोचेपर्यंत इंग्रज म्हातारपणानं मरतील!" सगळे खिदळले, मीही हसलो. एक क्वॉश तेवढा हसला नाही. नदीच्या मधोमध आलो की तो नेहमी मान खाली घालतो.

५ ऑक्टोबर

सकाळी दाट धुकं. पलीकडून हाक आली, "ओ नावाडी! न्यायला या!" क्वॉश यायला तयार होईना, म्हणून एकटाच गेलो. तिथं कुणीच नव्हतं. बराच वेळ थांबलो, दोनतीनदा ओरडलो, मग परत निघालो. दोर हलता हलेना. खाली पाहिलं, तर पाणी कडेच्या फळीला टेकलेलं. तराफ्यावर मी एकटा.

आमच्या काठाला लागताच तो एका झटक्यात वर उचलला गेला. भरल्या गाडीतून सगळे एकदम उतरावेत तसा.

९ ऑक्टोबर

पुन्हा तेच, दोनदा. तराफ्याखाली शिरून पाहिलं, एकही फळी फुगलेली नाही. शेवटी क्वॉशला समोर बसवून विचारलं.

तो म्हणाला, "विचारलंत म्हणून सांगतो, मालक. आजवर कुणी विचारलंच नाही."

जूनमध्ये रस्कच्या माणसांनी इंग्रज राजाच्या बाजूनं लढणारे चौदा कैदी इथं आणले. त्यांनी बंदुका खाली ठेवल्या होत्या, पांढरं फडकंही दाखवलं होतं. त्यांना हात बांधून तराफ्यावर उभं केलं. ट्रेडअवे आडवा आला, म्हणाला शरण आलेल्याला मारत नाहीत. मग त्यालाही बांधलं. तो कधी चार्ल्स टाउनला गेलाच नव्हता. भर नदीत पंधराच्या पंधरा जणांना ढकलून दिलं.

"आणि दोर माझ्या हातात होता, मालक," क्वॉश म्हणाला.

१० ऑक्टोबर

माझा धाकटा भाऊ एसा राजाच्या बाजूला गेला होता. एकोणीस वर्षांचा. आमचं कडाक्याचं भांडण झालं, पण डॉर्कसनं त्याला नवव्या वर्षापासून वाढवलंय. तो पकडला गेला, उत्तरेच्या तुरुंगात सुखरूप आहे, असं रस्कनं मला जुलैत सांगितलं होतं.

आज क्वॉशला विचारलं, त्यांच्यात तांबड्या केसांचा कुणी होता का.

होता. शेवटपर्यंत ओरडत होता, माझा भाऊ तुमच्याच तुकडीत आहे, तुमच्या घोड्यांना नाल तोच ठोकतो, विचारा त्याला.

डॉर्कसला कसं सांगू?

१७ ऑक्टोबर

धुकं. दुपारपर्यंत हाका. गेलो नाही.

डॉर्कस म्हणाली, कुणीतरी बोलावतंय, जात का नाहीस? म्हटलं, वाऱ्याचा आवाज आहे. वारा अजिबात नव्हता.

३० ऑक्टोबर

रस्क आला, सोबत सात जण. व्हर्जिनियात इंग्रजांच्या सेनापतीनं शरणागती पत्करली! सगळे नाचत होते, रम पीत होते. रस्कनं मला मिठी मारली. मी एसाबद्दल विचारलं. डोळ्याची पापणी न लवता म्हणाला, "मजेत आहे रे! आता काय, येईलच घरी."

त्यांना पलीकडे जायचं होतं. धुकं होतं. थांबा, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. क्वॉशनं दोराला हात लावला नाही. मीच ओढला.

मधोमध पाणी फळीवरून आत आलं. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. लाट नाही, हेलकावा नाही. त्यांना पाय उचलता येईनात. रस्क माझं नाव घेऊन ओरडत होता. मी दोराला लोंबकळत, हातावर हात टाकत काठाला आलो. मागे पाहिलं — तराफा पाण्यावर वीतभर वर. रिकामा.

३१ ऑक्टोबर

क्वॉश गेला. डॉर्कसला सांगून गेला, "तुमचं स्वातंत्र्य आलं म्हणतात, बाई. मी माझं बघायला निघालो." मी मागे कुणाला धाडलं नाही.

वाटलं होतं, आता तरी नदी शांत होईल.

१ नोव्हेंबर

हाका. आता जास्त आवाज. रस्कचाही — माझं नाव —

कुऱ्हाडीनं दोर तोडला. दोर वाहून गेला. तराफा नाही गेला. काठाशी तसाच उभा.

२ नोव्हेंबर

डॉर्कसला सगळं सांगितलं. एसाचं. रस्कचं, आणि मी काय केलं तेही. तेवढ्यात पलीकडून हाक आली, अगदी स्पष्ट, "वहिनी, गारठलोय गं."

ती म्हणाली, "पोरगं थंडीत कुडकुडतंय आणि तू मला हे आज सांगतोस?" घोंगडी उचलली आणि बाहेर —

अडवलं. ढकललं तिनं मला. पाय मोडला बहुतेक, उठता येत नाही. दारातून दिसतंय. ती तराफ्यावर चढली. दोर नाही, तरी तराफा निघाला. डॉर्कस, बाळ — ऐकत नाही —

मधोमध थांबलाय. ती घोंगडी पसरून धरतेय, लहानपणी त्याला न्हाऊ घातल्यावर धरायची तशी. समोर कुणी नाही. घोंगडी सोडली तिनं — खाली पडली नाही — खांद्यांवर बसली, कुणाच्या तरी — आणि तो आता तिचा हात —