पोटातले पाणी आणि रक्त एकाच वारी तपासून मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: येत्या सोमवारी रक्ताची एक नळी स्वीकारण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: प्रयोगशाळेचे वारवाटप परिपत्रक, अकरा वर्षांपूर्वीचे, अद्याप लागू.

महोदय,

१. अर्जदाराच्या पत्नीच्या पोटात गेले तीन महिने पाणी साठत आहे. पाणी सुईने काढले की पंधरवड्यात पोट पुन्हा तट्ट फुगते. ते यकृतामुळे आहे, क्षयामुळे आहे की आत एखादी गाठ आहे, हे कळल्याशिवाय औषध सुरू करता येत नाही, असे वॉर्डातील डॉक्टरीणबाईंनी सांगितले. त्यासाठी पोटातले पाणी आणि रक्त एकाच दिवशी घेऊन दोन्हींतले प्रथिन ताडून पाहावे लागते.

२. वॉर्डात पाणी सोमवारी व गुरुवारी काढतात. बाहेरून येणाऱ्या रुग्णांचे रक्त प्रयोगशाळा मंगळवारी व शुक्रवारी घेते. रुग्णास दाखल करून घेतल्यास हा प्रश्न मिटेल. परंतु दाखल करण्याच्या अर्जात निदानाचा रकाना भरावा लागतो, आणि निदान होत नाही म्हणून तर दाखल व्हायचे आहे.

३. पहिल्या वेळी पाणी सोमवारचे व रक्त मंगळवारचे दिले. "जोडी जुळत नाही" असा शेरा आला. दुसऱ्या वेळी सोमवारची बाटली रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवली. मुलीने तिच्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि सकाळपर्यंत घरात कोणी फ्रिज उघडला नाही. शेरा आला, "नमुना शिळा". तिसऱ्या वेळी सोमवारीच खाजगीत रक्त काढून आणले. खिडकीवरच्या बाबूंनी, बाहेरचे रक्त चालत नाही म्हणून, ते अदबीने परत केले. चौथ्या वेळी काही युक्ती सुचली नाही, तेव्हा नुसते पाणी काढून घरी आलो. एकूण चौदा लिटर पाणी निघाले असून त्यातून अद्याप एक शब्दही निघालेला नाही.

४. चौथ्या खेपेस बाकावर बसल्या बसल्या पत्नी म्हणाली, "हे वार ज्यानं ठरवले ना, त्याच्या घरी कुणी आजारीच पडलं नसेल." अर्जदार तिची शाल पुन्हा पुन्हा नीट करत राहिला.

५. सबब नमूद करणे भाग आहे की, संदर्भातील परिपत्रक अर्जदाराने तयार केले. अर्जदार आपल्या कार्यालयात मुख्य लिपिक होता. तेव्हा खिडकीवर झुंबड उडायची, म्हणून पट्टी-पेन्सिल घेऊन सगळ्या तपासण्या आठवड्यावर वाटून दिल्या. पोटातल्या पाण्याचे रुग्ण वर्षाला मोजून चार-पाच. त्यांना जिथे रिकामा चौकोन दिसला तिथे बसवले. रक्ताचा वार कोणता आहे हे पाहिले नाही. तक्ता सुबक झाला होता. त्याबद्दल कौतुकाचे पत्रही मिळाले. या गोष्टीची अर्जदाराला मनापासून लाज वाटते.

६. तरी विनंती की येत्या सोमवारी केवळ एक नळी रक्त स्वीकारावे. नियम वाकवणे शक्य नसल्यास, सुट्टीच्या बदल्यात शनिवार जसा कामाचा दिवस धरतात, तसा हा सोमवार कार्यालयीन कामापुरता मंगळवार धरावा. तशा आदेशाचा मसुदा अर्जदार बसल्या जागी लिहून देईल.

७. या अर्जावर 'नोंद घेतली, दप्तरी दाखल' असा शेरा कृपया मारू नये. तो शेरा अर्जदाराने सव्वीस वर्षे मारला आहे, आणि त्यानंतर कागदाचे काय होते हे त्याला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, क्षय असेल तर गोळ्यांनी बरा होईल, पण उशीर चालणार नाही. अर्जदारास बायको हवी आहे. याहून सरकारी शब्दांत हे मांडता येत नाही.

८. काल अर्जदाराने पत्नीस वारांची हकिगत खरी खरी सांगितली. तिने आपली शाल स्वतःच नीट केली. मग म्हणाली, "मग अर्ज तुम्हीच लिहा. तुमची भाषा कळते त्यांना."

आपल्याच कार्यालयाचा जुना लिपिक,
(सही)
दि. १४, शनिवार

सोबत: दोन अहवालांच्या प्रती, परत केलेल्या रक्ताची पावती, रुग्णाच्या संमतीची सही, तिने उठून बसून केलेली.