व्याह्यांचा कान आणि दुकानातली जाळी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? (दोन्हींपैकी आधी काय थांबतंय ते कळव.) फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. शेवटी कळेल, तोवर रागावू नकोस.

माझ्या लेकीसाठी तू आणलेलं स्थळ उत्तमच आहे, त्यात वाद नाही. होणारे व्याही केस कापायला आपणहून माझ्या सलूनमध्ये आले, तेव्हा मला कोण आनंद झाला. मी ठेवणीतला वस्तरा काढला, त्यांची मान हलकेच वाकवली आणि कानामागे वस्तरा टेकवतो न टेकवतो तोच त्यांचा फोन खणाणला. ते दचकले. माझा हात चुकला नाही, त्यांचा कान चुकला. (तू म्हणशील, एकच गोष्ट झाली. सलूनवाल्याला विचार.) रक्त थेंबभर आलं, पण चिकटपट्टी भलीमोठी लागली. जाताना ते नुसतं "बघू" म्हणाले, आणि तेव्हापासून लग्नाच्या तारखेबद्दल अवाक्षर नाही. लेक मला एका शब्दाने दोष देत नाही, तेच मला सहन होत नाही. आता निरोप आलाय की रविवारी सकाळी ते पुन्हा केस कापायला येणार आहेत. ही माझी परीक्षा आहे, आणि मी ती पास होणारच.

म्हणून ठरवलं, दुकानात रेंजच येऊ द्यायची नाही. आधी खिडक्यांना डासांची जाळी ठोकली. पोस्टमन दाढी करून घेता घेता बायकोशी निवांत बोलत राहिले. जाळी नायलॉनची होती, तिने फक्त डास अडवले. मग तारेची जाळी आणून भिंती, छत, दार सगळं मढवलं आणि फटींवर डबा बांधायचा चंदेरी कागद चिकटवला. (तुझ्या भावजयीने विचारलं, कोंबड्या कधी आणताय?) तरी एका गिऱ्हाइकाने शोध लावलाच, की खुर्ची पार वर घेतली की पंख्याच्या झरोक्यातून एक दांडी रेंज मिळते. झालं, जो तो "जरा वर घ्या" म्हणू लागला, आणि मी स्टुलावर चढून, भिंत रंगवावी तसे केस कापू लागलो. मग तो झरोकाही बुजवला. तेव्हा एक गृहस्थ अर्धी दाढी फेसात ठेवून बोलायला फुटपाथवर गेले आणि उरलेली समोरच्या सलूनमध्ये करून, माझाच टॉवेल गळ्यात घालून घरी गेले. पण मी हटलो नाही. आत आता भट्टीसारखं उकडतं, गिऱ्हाइकं निम्मी झाली, पण फोन मुके आहेत आणि माना स्थिर आहेत.

भाऊजींना नमस्कार सांग. लोभ आहेच, सोबत थोडा धीरही असू दे.

तुझा,
भाऊ

ता. क. : त्या दिवशी व्याह्यांना फोन कुणाचा आला होता, हे मी घरात सांगितलेलं नाही, म्हणून तर फोन सोडून हे पत्र. त्यांनी तो कानाला, म्हणजे उरलेल्या कानाला लावला, तेव्हा तुझा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला : "काय, माझ्या भावाचा हात हलका आहे की नाही?" ताई, हात जोडतो, रविवारी त्यांना फोन करू नकोस.

आणखी एक ता. क. : हे पत्र दुकानात बसूनच लिहितोय. झरोका बुजवल्यापासून इथे एकाही माणसाचा फोन लागलेला नाही, आणि आत्ता माझा वाजला. तुझाच होता. तेव्हा जाळीच्या भरवशावर मी राहत नाही. तू शनिवारीच ये. रविवारी व्याह्यांची मान मी धरतो, तुझा फोन तुझी भावजय धरेल.