पहिल्या सोमवारचा रकाना

प्रिय ताई,

तुझा गुडघा आणि त्याच्याहून हट्टी असलेली तू, दोघेही मजेत असाल. काल तुझ्या सूनबाईचा फोन आला होता. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलंय आणि आई दार लावून स्टुलावर चढ-उतार करताहेत, असं म्हणाली बिचारी. तू ते कशासाठी करतेस हे तिला कळलं नाही, मला कळलं. आपल्या ऑफिसचा जिना तुझ्या डोळ्यांसमोरून हलत नसणार. रजेवर जाताना तू सांगून गेलीस की माझ्या डोक्यात आहे ते सगळं ज्यात मावेल असं सॉफ्टवेअर सापडलं तर मी घरी बसेन, नाहीतर गुडघा वाकायला लागला की परत येईन. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक फोनचा शेवट 'ठरलं का गं?' असा होतो आणि मी 'बघतोय, बघतोय' करून वेळ मारून नेते. तर ऐक, ठरलं. पण कसं ठरलं ते आधी वाच. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे.

पहिला विक्रेता आला तो इतका टापटीप, की हिशेबनीसकाका त्याला बसा म्हणायचं सोडून स्वतःच उठून उभे राहिले. त्याच्या स्क्रीनवर सगळं होतं. कुठल्या कंपनीचे किती लोक आपल्या पेन्शन योजनेत आहेत, कोण कधी निवृत्त होणार, कुणाचे कागद अडकलेत, त्यांच्याशी शेवटचं कोण काय बोललं. मी विचारलं, छापखान्याच्या मालकांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, आधी फोन डाव्या कानाला लावायला सांगावं लागतं, हे कुठे लिहायचं? तो म्हणाला, 'विशेष सूचना'मध्ये. बरं, बेकरीवाल्या बाई भट्टी चालू असताना सगळ्यालाच हो म्हणतात आणि दुपारी कानावर हात ठेवतात, ते? तेही 'विशेष सूचना'मध्ये. मग माझ्याकडे विचारायला काही उरलं नाही, म्हणून मी म्हटलं की अक्षरं फार बारीक आहेत. गेला बिचारा.

दुसऱ्या बाई गोड होत्या. त्यांचं सॉफ्टवेअर ग्राहकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप पाठवायचं. मी लगेच नाक मुरडलं. म्हटलं, यंत्राने दिलेल्या शुभेच्छा आमच्या ताईला चालणार नाहीत. त्या गेल्यावर ग्राहकांचे फोन घेणारी आपली बोलकी पोरगी फोन खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, तुम्हाला सॉफ्टवेअर नकोच आहे. तुम्हाला ताई हव्यात." मी तिच्यावर अशी डाफरले की ती गप्प बसली. तुला ठाऊकच आहे, ती गप्प बसणं म्हणजे केवढी गोष्ट! माझा चहा मात्र तसाच निवून गेला.

खरं होतं गं तिचं. तू शाळेला निघालीस की मी एका पायात चप्पल घालून तुझ्यामागे धावायचे, म्हणून घरादाराने मला शेपूट ठरवलं. तू ऑफिस थाटलंस तेव्हाही मी मागोमाग हजर. सॉफ्टवेअर ठरलं की तुझी खिडकीजवळची खुर्ची कायमची रिकामी राहणार, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. म्हणून कुठे अक्षरं बारीक, कुठे शुभेच्छा कोरड्या. मला तू परत यायला हवी होतीस, गुडघ्यासकट.

तिसरा आला तो सर्दीने बेजार. बोलायचं त्राणच नव्हतं त्याच्यात, म्हणून त्याने आम्हालाच बोलतं केलं. नाक पुसत विचारलं, तुमच्या ऑफिसात असं काय होतं जे दुसरीकडे होत नाही? मी तोंड उघडायच्या आत हिशेबनीसकाका म्हणाले, "सोमवार!" त्याला काही कळेना. मग काकांनीच तुझी पद्धत समजावून सांगितली. एखाद्याची निवृत्ती जवळ आली, सगळे कागद तयार झाले, की ताई त्याला फोन करून विचारतात, निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी काय करणार? उत्तर मिळेपर्यंत कागद टेबलावरून हलत नाहीत. शाळेच्या शिपायाने काय सांगितलं होतं आठवतं? घंटा वाजली की कूस बदलणार! आणि कपड्यांच्या कारखान्यातल्या त्या मुकादमबाई, ज्यांना काही सुचतच नव्हतं? तू त्यांना आठवडाभर रोज फोन करत राहिलीस, शेवटी म्हणाल्या, बहिणीकडे जाईन. तू फोन ठेवून खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि आम्ही सगळे फायली चाळल्याचं नाटक करत राहिलो.

तो माणूस ऐकत होता. मग त्याने तिथल्या तिथे स्क्रीनवर एक नवा रकाना तयार केला आणि वर नाव दिलं, 'पहिला सोमवार'. विचारलं, कम्पल्सरी करू? म्हणजे हा भरल्याशिवाय नोंद सेव्हच होणार नाही. आम्ही तिघं एकदम 'हो' म्हणून ओरडलो. मला खोड काढायला जागाच उरली नाही. ठरलं ते असं.

आता आमची फजिती ऐक. खऱ्या ग्राहकांच्या आधी एक नोंद करून बघायची होती. बोलकीने काय करावं? तुझंच नाव घातलं! जन्मतारीख, पत्ता, सगळं झरझर भरलं आणि बटण दाबलं, तर लाल ओळ आली: पहिला सोमवार भरा. नोंद पुढे जाईना. हौसेने कम्पल्सरी करून ठेवलेलं आमच्याच गळ्यात आलं. काका म्हणाले, आराम लिही. बोलकी म्हणाली, ताईंना शोभेल असं लिहिते, आणि लिहिलं: 'ऑफिसला येणार'. सगळे पोट धरून हसलो. हसता हसता मीच हात पुढे केला आणि ते पुसून टाकलं. तू अख्ख्या गावाला सोमवार विचारलास ताई, आणि तुला विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. फोनवर विचारलं असतं तर तू प्रश्न माझ्यावरच उलटवला असतास आणि मी रडले असते. तुझ्या त्या सोमवारी ऑफिस मी उघडणार आहे, कुणाच्याही मागोमाग न येता. छापखान्याच्या मालकांच्या डाव्या कानात ओरडेन, भट्टी विझेपर्यंत बेकरीवाल्या बाईंना फोन करणार नाही. भेटायला येशील तेव्हा जिना तू चढायचा नाहीस, आम्ही सगळे खाली येऊ. तेव्हा आता तुझ्याच पद्धतीने विचारते, पहिल्या सोमवारी सकाळी काय करणार? सुचलं नाही तर रोज विचारीन. काहीही लिही, फक्त 'ऑफिसला येणार' असं लिहू नकोस. ते उत्तर यंत्र घेईल, मी घेणार नाही.

तुझंच,
शेपूट